नाकापेक्षा मास्क जड

घरात लाकडाचं लेथ मशीन आणायचं ठरलं की माणूस मोटारीची अश्वशक्ती विचारतो, मिनिटाला फेरे किती ते विचारतो, चकचे जबडे किती उघडतात ते विचारतो. पटाश्या कोणत्या पोलादाच्या आहेत आणि उद्या बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस नांदेडहून येणार की संभाजीनगरहून, हेही विचारून घेतो. नाकाबद्दल कोणी काही विचारत नाही. नाक जन्मापासून सोबत आहे, ते काय ते निभावून नेईल, असा सगळ्यांचाच समज असतो. मग पहिल्याच आठवड्यात रात्री नाक शिंकरल्यावर रुमालावर जे उतरतं त्याचा रंग अस्सल सागवानी असतो, आणि तेव्हा कुठे घरात मास्कचा विषय निघतो.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छातीठोकपणे सांगणारा आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हेही हसून ऐकून घेणारा हा जिल्हा. इथे लाकूड फिरवून घडवणं काही नवं नाही. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब, लाटणी, रव्या, भोवरे हे सगळं खरादावरच निघत आलं. जुन्या खरादाला वीज लागत नसे. एक जण दोरी ओढायचा, दुसरा जमिनीवर बसून हत्यार धरायचा. वेग बेताचा आणि काम उघड्यावर, त्यामुळे भुसा वाऱ्यावर जायचा आणि भांडण झालंच तर शेजाऱ्याशी व्हायचं.

नवा गडी वेगळा. तो विद्यापीठातून, बँकेतून किंवा शाळेतून नुकताच निवृत्त झालेला असतो. गच्चीवर किंवा गाडी लावायच्या जागेत त्याने पत्र्याचं शेड मारलेलं असतं आणि त्याचा गुरू यूट्यूबवर राहतो. तो लाटणी करत नाही, कारण लाटणी घरात आहेत. तो वाडगे करतो. पहिला वाडगा नातेवाइकांना भेट जातो, दुसराही जातो. तिसऱ्यापासून नातेवाईक येणं कमी करतात.

लाकूड मात्र गावातलंच. बांधावरची बाभूळ, वादळात पडलेला कडुनिंब, कुणाच्या तरी वाड्याची उतरवलेली सागवानी चौकट, आणि नशीब चांगलं असलं तर शिसवाचा एखादा ओंडका. यातली जुनी चौकट सगळ्यांत मोहक आणि नाकाला सगळ्यांत महाग. ओल्या लाकडाच्या लांबलचक ढलप्या निघतात, त्या पायाशी पडतात आणि तिथेच राहतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेल्या सागाला मात्र काचपेपर लावला की त्याचं पीठ होतं. सागात आणि शिसवात कातडीला व श्वासनलिकेला चिडवणारी रसायनं मुळातच असतात. वाळवी सागाच्या वाटेला फारशी जात नाही, त्याचं श्रेयही अशाच रसायनांना आहे. वाळवीला जे कळलं ते कळायला माणसाला अंगावर पुरळ उठावं लागतं.

मराठवाड्यातल्या माणसाचा धुळीवरचा पहिला उपाय ठरलेला आहे: दस्ती. दस्ती नाकावर बांधली की तो सोयाबीनच्या मळणीला उभा राहतो, मोटारसायकलवरून जिंतूरला जाऊन येतो आणि लग्नाच्या पंगतीतही शिरतो. दस्ती छोटी वाटली तर खांद्यावरचा टॉवेल आहेच. लेथपुढे मात्र हा उपाय रोगापेक्षा वाईट. कापडाची वीण धुळीच्या बारीक कणांना वेशीच्या कमानीइतकी मोकळी असते, हे एक झालं. दुसरं असं की मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेणाऱ्या ठोकळ्यासमोर वाकताना गळ्याशी टॉवेलाचं टोक लोंबत असलं, तर मशीन ते टोक गुंडाळून घेतं आणि टोकामागून मालकालाही ओढतं. लेथवर सैल बाही, लोंबती माळ आणि मोकळा पदर चालत नाही तो याचसाठी. म्हणजे इतर सगळीकडे उपयोगी पडणारी दस्ती इथे नाक तर वाचवत नाहीच, वर गळ्यावर उठते.

आता थोडं धुळीविषयी. डोळ्यांना दिसणारा भुसा हा सगळ्यांत सज्जन. तो नाकातल्या केसांत अडकतो, शिंकेबरोबर बाहेर येतो. भानगड असते ती दहा मायक्रॉनच्या खालच्या कणांची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटं घेतो. अडीच मायक्रॉनचा दोनेक तास रेंगाळतो. एक मायक्रॉनचा तर अर्धा दिवस तरंगत राहतो. आणि घराघरांतला शिरस्ता काय? मशीन चालू असेतो मास्क तोंडावर. मशीन थांबलं की मास्क कपाळावर, कारण नेमका तेव्हाच चहा येतो. चहाबरोबर जे पोटात जातं ते साखर आणि पत्ती एवढंच नसतं. त्यावर कळस म्हणजे चहानंतर खराटा घेऊन शेड झाडणं. जी धूळ दोन तासांत कशीबशी खाली बसली असती, तिला पुन्हा एकदा उठवून फुप्फुसाचा पत्ता दिला जातो.

ही धूळ नुसती शिंका आणते असं समजणाऱ्यांनी इंग्लंडातल्या हाय विकम या गावाची गोष्ट ऐकावी. हे गाव खुर्च्यांचं. तिथल्या फुटबॉल संघाला आजही ‘चेअरबॉइज’ म्हणतात. पूर्वी आसपासच्या बीचच्या रानात बसून कारागीर ओल्या लाकडाचे खुर्चीचे पाय पायाने चालवायच्या लेथवर काढत, आणि ढलप्या रानातच पडत. पुढे कारखाने आले, वाळवलेलं लाकूड आलं, वेगवान यंत्रं आली. १९६०च्या दशकात तिथल्या नाक-कान-घशाच्या सर्जन एस्मी हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या पोकळीतला एक अगदी दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे भलताच वरचेवर येतो आहे, आणि येणारे बहुतेक जण फर्निचरच्या कामावरचे आहेत. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं. म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींच्या गटात. तंबाखूही त्याच गटात आहे. तेव्हा लेथपुढे उभं राहून तळहातावर चुना-तंबाखू मळणारा गृहस्थ दोन्ही हातांनी एकाच गटाचं काम करत असतो.

घाबरवायचा हेतू नाही. ती माणसं दहा-दहा तास, वर्षानुवर्षं त्या धुळीत उभी होती. रविवारी दोन वाडगे करणाऱ्याला त्याआधी दमा, ॲलर्जी आणि बायकोची बोलणी या तीन गोष्टी गाठतात. त्याच पुरेशा आहेत. शिवाय त्याच्या मदतीला सरकारही येत नाही. १९४८च्या जुन्या कारखाने कायद्यात धुळीसाठी खास कलम १४ होतं, पण तो कायदाही कामगार मोजून लागू व्हायचा, आणि गच्चीवरच्या शेडमध्ये मालक आणि मजूर मिळून आकडा एकच भरतो.

मास्कची शोधमोहीम घरातल्या कपाटापासून सुरू होते. २०२० साली घेतलेले मास्क अजून निम्म्या घरांत शिल्लक आहेत. त्यातला निळा, तीन घड्यांचा मास्क गालांवर बसतच नाही. तो समोरच्यावर आपली थुंकी उडू नये म्हणून असतो, तेवढं काम तो करतो. मग गांधी पार्काजवळ किंवा स्टेशन रोडला हार्डवेअरच्या दुकानात चौकशी होते. दुकानदार ‘एन-९५ आहे की’ म्हणून जे काढून देतो ते बहुधा कानात अडकवायचं असतं आणि चार रंगांत मिळतं. खऱ्या एन-९५ला कानाची दोरी जवळपास नसतेच. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात, कारण कानाच्या जोरावर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. आपल्याकडच्या मालावर भारतीय मानक ‘आयएस ९४७३’ आणि एफएफपी-१, २ किंवा ३ असा दर्जा छापलेला असावा लागतो. अनुक्रमे किमान ८०, ९४ आणि ९९ टक्के कण अडवायचे, असा त्याचा अर्थ.

एन-९५ची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या कणांवर होते आणि त्यातले किमान ९५ टक्के अडले तर तो पास. ०.३च का, याचं उत्तर मोठं रंजक आहे. मोठे कण आपल्याच वेगाने सरळ जाऊन धाग्यावर आदळतात आणि अडकतात. अगदी चिमुकले कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतात. मधल्या आकाराचे तेवढे दोन्हींतून निसटतात. एरवी दोन्हीकडून भरडला जाणारा मध्यमवर्ग जगात कुठे सहीसलामत सुटत असेल, तर तो मास्कच्या गाळणीतून.

रोज नवा मास्क घेणं परवडत नाही आणि जुना वापरवत नाही, या पेचातून माणूस पुन्हा पुन्हा वापरायच्या मास्ककडे वळतो. रबराचा किंवा सिलिकॉनचा अर्धमुखी साचा, दोन्ही गालांवर एकेक गाळणी, हनुवटीपाशी श्वास बाहेर सोडायची झडप, डोक्यामागे पट्टे. थ्रीएमची सहा हजार मालिका यात सगळ्यांत ओळखीची: ६१०० लहान, ६२०० मध्यम, ६३०० मोठा. नवी मुंबईच्या व्हीनस कंपनीचे देशी मास्कही मिळतात. दुकानात ‘साइज एकच येते’ असं सांगून मध्यम गळ्यात मारला जातो. चप्पल घेताना सहा आणि सात नंबर घालून, दुकानात चार फेऱ्या मारून पाहणारा माणूस इथे मात्र मुकाट्याने पिशवी घेऊन निघतो.

गाळण्यांत मिरवते ती गुलाबी. अमेरिकी पद्धतीत पी-१०० दर्जाच्या गाळणीला हा रंग ठरवून दिलेला आहे, आणि ती ९९.९७ टक्के कण अडवते. दहा हजारांतले तीन सुटतात. ही टक्केवारी निवृत्त माणसाला फार आवडते, कारण अशी टक्केवारी त्याने आयुष्यात फक्त जिल्हा परिषदेच्या लसीकरणाच्या अहवालात पाहिलेली असते. तो दोन गुलाबी चकत्या गालांवर चढवून गच्चीवर येतो. समोरच्या घरातलं पोर रडायला लागतं. शेजारी विचारतात, “काका, हे कामून बांधलंय? गॅस लीक झालाय का?”

पण खरी मेख पुढेच आहे. अमेरिकेचं कामगार सुरक्षा खातं अर्धमुखी मास्कला संरक्षणाचा आकडा देतं दहा. म्हणजे बाहेरच्या धुळीचा दहावा हिस्सा आत येतो, असं धरून चाला. साध्या एन-९५ला आकडा दहा आणि गुलाबी चकत्यांच्या मास्कलाही दहाच! दहा हजारांत तीन कण सोडणारी गाळणी लावूनही हिशेब दहात एकाचा, कारण धूळ गाळणीतून जातच नाही. ती कडेने जाते. नाकाच्या बाजूच्या खोबणीतून, जबड्याच्या वळणातून, दाढीच्या खुंटांमधून. माणूस गाळणीचे आकडे वाचत बसतो आणि धूळ फटी वाचते.

दाढीचं प्रकरण जरा नाजूक. निवृत्तीनंतर दोनच गोष्टी मनासारख्या वाढवता येतात, बाग आणि दाढी. त्यातली दुसरी मास्कला चालत नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने दाढी-मिशांच्या डझनावारी तऱ्हांचा एक तक्ताच काढला. कुठली मास्कखाली चालते, कुठली नाही, चित्रांसकट. भरघोस दाढी नापास. दोन दिवसांचे खुंटही नापास. मिशा मात्र मास्कच्या कडेच्या आत राहत असतील तर पास. परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा मानला पाहिजे. दाढीवर तडजोड होऊ शकते, मिशीवर झाली नसती.

मास्क नीट बसला का, हे तपासायची परदेशी कारखान्यांतली एक पद्धत आपल्याकडच्या मधुमेहींना ओळखीची वाटेल. मास्क घातलेल्या माणसाच्या डोक्यावर टोप चढवतात आणि आत सॅकरीनचा फवारा मारतात. मग त्याला मान डावी-उजवीकडे, वर-खाली करायला लावतात, वाकायला लावतात, एक उतारा मोठ्याने वाचायला लावतात. जिभेला गोड लागलं की नापास. घरी एवढं नको. गाळण्यांवर तळहात ठेवून हलकेच श्वास ओढायचा. साचा आत खेचला गेला आणि तसाच राहिला तर बरं. मग खालची झडप झाकून फुंकायचं. नाकाशी वारा लागला नाही तर बरं. अर्धं मिनिट लागतं. चष्म्यावर वाफ धरत असेल तर वरच्या कडेला फट आहे, हे चष्मा फुकटात सांगतो.

एवढं सगळं जमलं की मे महिना येतो. पारा ४५च्या आसपास, वर पत्रा, आणि पंखा लावावा तर धूळ सगळ्या शेडभर नाचते. मास्कच्या आत घामाचं तळं साचतं आणि झडपेतून एकेक थेंब वाडग्यात पडतो. त्यातच फोन येतो. आतून बोललेलं पलीकडे पोचतं ते विहिरीतून बोलल्यासारखं. मुलगी पुण्याहून घाबरून विचारते, “बाबा, तुम्ही दवाखान्यात आहात का?” तंबाखू लावायची तर मास्क काढावा लागतो, थुंकायचं तरी काढावा लागतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; तिने जे साधलं नाही ते अर्धमुखी मास्क तासभर तरी साधतो.

यावर श्रीमंती तोडगा आहे. बॅटरीवर चालणाऱ्या पंख्याचं शिरस्त्राण. पंखा गाळलेली हवा तोंडावर सोडत राहतो, समोर पारदर्शक काच असते, दाढी चालते, चष्मा चालतो, गारही वाटतं. ढगळ असूनही याला संरक्षणाचा आकडा पंचवीस मिळतो, कारण आतला वारा बाहेर ढकलत असतो आणि फटीतून धुळीला शिरू देत नाही. वर लाकडाचा तुकडा उडाला तर काचेमुळे चेहराही वाचतो. परदेशातले लेथवाले यावर जीव टाकतात. इथे त्याची किंमत ऐकून गृहस्थ म्हणतो, “एवढ्यात दुसरं लेथ मशीन येईल की.” आणि खरंच दुसरं लेथ मशीन येतं.

खरं तर मास्कच्या आधी करायच्या गोष्टी स्वस्त आहेत. लाकूड ओलसर असतानाच ओबडधोबड आकार काढून घ्यायचा. पटाशीला धार इतकी ठेवायची की काचपेपर कमी लागावा. काचपेपर मारायचाच तर तेलाचा हात देऊन मारायचा, म्हणजे पिठाऐवजी चिखल होतो. लेथच्या मागे खिडकीत एक बाहेर फेकणारा पंखा बसवायचा. यातलं धार लावणं सोडून बाकी सगळं लोक करतात. धार लावायला यूट्यूबचा वेगळा गुरू आहे आणि त्याच्याकडे पोचेपर्यंत उत्साह ओसरतो.

मास्कची निगा राखण्यात आपला संसारी स्वभाव आडवा येतो. साचा कोमट पाण्यात, साध्या साबणाने धुवायचा असतो. गाळणी धुवायची नसते. पण काळवंडलेली वस्तू न धुता ठेवणं हा घरातल्या बाईला स्वतःचा अपमान वाटतो, आणि गुलाबी चकत्या निरम्यात भिजतात. त्यातून वाचल्या तर स्वतः मालकच त्या पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारून आणतो. अशा अनेक गाळण्यांच्या धाग्यांवर विजेचा भार दिलेला असतो, तोच बारीक कणांना ओढून धरतो. साबणाने तो जातो आणि हवेच्या झोताने धागेच फाटतात. गाळणी दिसते स्वच्छ, उरते नुसती शोभेला. ती बदलायची वेळ ओळखणं सोपं आहे: श्वास ओढायला जड गेला की नवी. आणि काम झाल्यावर मास्क लेथशेजारच्या खिळ्यावर टांगायचा नाही, झाकणाच्या डब्यात ठेवायचा. खिळ्यावरचा मास्क रात्रभर आतल्या बाजूने धूळ गोळा करतो आणि सकाळी ती थेट नाकाशी पोचवतो.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवण्यासारखी नाही. गुलाबी चकती कण अडवते, वाफ अडवत नाही. पॉलिशचं थिनर, मेलामाइन, फेविक्विकचा धूर यांसाठी कोळशाची वेगळी डबी लागते. आणि घरात एवढा भारी मास्क आहे म्हटल्यावर पोरगं तो शेतावर कपाशीच्या फवारणीला नेतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते याच कपाशीच्या रानात. फवारणीला कण आणि वाफ दोन्ही अडवणारी जोडगाळणी लागते, अंग झाकणारे कपडे आणि हातमोजे लागतात. नुसत्या गुलाबी चकत्यांच्या भरवशावर पंप पाठीला लावायचा नाही, हे पोराला जरा आवाज चढवूनच सांगावं लागतं. मास्क काढून सांगितलेलं बरं.

कणांच्या कामाला मात्र तो घरात कुठेही चालतो, आणि तिथेच मालकाची मालकी संपते. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट कुटायचं निघतं. चार किलो मिरची देठं खुडून तयार असते आणि घरातल्या बाईची नजर गच्चीवरच्या डब्याकडे जाते. आयुष्यात पहिल्यांदाच ती न ठसकता मिरची कुटते, आणि मग शेजारची, जाऊ, नणंद यांच्या मिरच्यांनाही तो डबा फिरतो. दिवाळीआधी सोयाबीनच्या मळणीला दीर घेऊन जातो. परत येतो तेव्हा झडपेत सोयाबीनचं भूस आणि पट्ट्याला तिखटाचा वास. मालक एके सकाळी मास्क चढवून लेथ सुरू करतो, पहिला श्वास घेतो आणि डोळ्यांतून धारा लागतात. लाकडाचा एक कणही न उडता. त्याच दिवशी दुसरा मास्क मागवला जातो. या वेळी साइज नीट विचारून घेतली जाते, लहान, ६१००, आणि गाळण्यांचे दोन जोड जास्तीचे. पहिल्याचा डबा स्वयंपाकघरात, मीठ-मिरचीच्या फळीवर गेला आहे.